कॅशेलची जागा कुणी विकली?

असईची लढाई आपल्याला शाळेत दोन ओळींत शिकवतात. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळचं असई, एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज आणि समोर आर्थर वेलस्ली. त्याआधी ऑगस्टमध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला होता, नंतर अडगाव आणि गाविलगड. हाच माणूस पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, हेही कुठेतरी कानावर पडलेलं असतं. मधल्या काळात तो काय करत होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. १८०७ ते १८०९ या काळात तो आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी होता. मधूनच लढायांवर जायचा, पण खुर्ची ती. त्या खुर्चीचं एक मोठं काम म्हणजे सरकारसाठी खासदार जुळवणं. कुठला मतदारसंघ कुणाच्या खिशात आहे, त्या मालकाला काय हवंय, पेन्शन, भाच्याला नोकरी की सरळ रोख, याचा हिशेब ठेवणं. गाविलगडाच्या तटाला भगदाड पाडणाऱ्याला हे काम जड गेलं असेल असं वाटत नाही.

त्या हिशेबाच्या वहीतला एक मतदारसंघ होता कॅशेल. टिपरेरी परगण्यातलं हे छोटं गाव. चुनखडीचा उंच खडक, त्यावर गोल मनोरा आणि छप्पर उडालेलं कॅथीड्रल. मन्स्टर प्रांताच्या राजांची ही जुनी गादी. खडकाखाली बाजारपेठ आणि दुकानदारांची वस्ती. १८०१ ते १८७० या काळात या गावानं लंडनच्या संसदेत एक खासदार पाठवला. १८७० मध्ये संसदेनं कायदा करून ती जागा कायमची काढून घेतली. कारण काय, तर तिथले मतदार पैसे घेऊन मत देतात.

ही सगळी कहाणी आठवायचं कारण आपल्या घरातलंच आहे. कुठलीही निवडणूक झाली की चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत एक वाक्य फिरतं: ‘पाचशे रुपयांत पाच वर्षं विकली.’ पुढचं वाक्य ठरलेलं: ‘अशा लोकांचा मताचा अधिकारच काढून घ्यायला हवा.’ बोलणारा बहुधा स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसलेला असतो आणि त्याच्या दारात पाकीट आलेलं नसतं. मला या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. हा उपाय कुणीतरी खरोखर करून पाहिला आहे, एका खऱ्या गावावर, आणि त्या गावाचा इतिहास आपल्यासमोर आहे.

सुरुवात कॅशेलच्या महागड्या काळापासून करू.

१८०७ मध्ये कॅशेलमधून क्विंटिन डिक नावाचा श्रीमंत गृहस्थ निवडून आला. ‘निवडून आला’ हा शब्दप्रयोग जरा सैलच आहे. गाव पेनफादर घराण्याच्या मुठीत होतं. मत द्यायचा अधिकार नगरपालिकेच्या मोजक्या सदस्यांना, आणि सदस्य कोण व्हायचं ते पेनफादर ठरवणार. डिकनं ही जागा सरकारी खजिन्याच्या मध्यस्थीनं विकत घेतली आणि त्यासाठी पाच हजार पौंड मोजले, असं तेव्हा उघड बोललं गेलं. मध्यस्थ होता खजिन्याचा सेक्रेटरी हेन्री वेलस्ली, म्हणजे आर्थरचा धाकटा भाऊ. हाही हिंदुस्थानात राहून गेलेला. थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर-जनरल असताना अवधच्या नबाबाकडून काढून घेतलेल्या मुलखाचा कारभार याच्याकडे होता. वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाला बांधून टाकणारा तो रिचर्ड, असई जिंकणारा आर्थर, आणि कॅशेलच्या सौद्यातला दलाल हेन्री. एकाच घरातले तिघे सख्खे भाऊ.

१८०९ च्या सुरुवातीला लंडनमध्ये एक लफडं गाजलं. राजाचा मुलगा ड्यूक ऑफ यॉर्क हा सेनापती. त्याची पूर्वीची रखेल मेरी ॲन क्लार्क पैसे घेऊन सैन्यातल्या बढत्यांसाठी शब्द टाकायची, असा आरोप झाला. संसदेत आठवडेच्या आठवडे साक्षी-पुरावे चालले. या प्रश्नावर क्विंटिन डिकच्या मनानं उचल खाल्ली आणि त्यानं सरकारच्या विरोधात मत द्यायचं ठरवलं. तेव्हा मंत्री लॉर्ड कॅसलरेनं त्याला सुचवलं की सरकारच्या बाजूनं मत द्या, नाहीतर जागा सोडा. डिकनं जागा सोडली.

गंमत बघा. सभागृहात चर्चा चालली होती सैन्यातल्या पदांच्या विक्रीची. त्यावर मनाप्रमाणे मत द्यायला निघालेल्या सदस्याला सांगितलं जातं की तुमची स्वतःची जागाच आमच्या दुकानातून घेतलेली आहे, अटी लक्षात ठेवा. आणि डिक अटी पाळतो. मला त्याच्याबद्दल थोडा आदरच वाटतो. मताशी तडजोड न करता त्यानं माल परत केला. आपल्याकडे पक्ष बदलणारे एवढंही करत नाहीत.

११ मे १८०९ रोजी विल्यम मॅडॉक्स या सदस्यानं हा सौदा नावानिशी संसदेत मांडला. कॅसलरे आणि अर्थमंत्री पर्सिव्हल यांच्यावर थेट आरोप केला आणि चौकशी मागितली. मतदान झालं. चौकशीच्या बाजूनं ८५, विरोधात ३१०. विषय तिथेच संपला. सगळीच सरकारं हेच करत आली आहेत, मग यांनाच का धरायचं, असा सूर होता. त्याच वर्षी जागांच्या रोख विक्रीवर बंदी घालणारा कर्वेनचा कायदा झाला, पण मूळ मसुद्यातले दात एकेक करून काढून घेतल्यावर.

डिकनं रिकामी केलेली जागा किती दिवस रिकामी राहिली? एप्रिल १८०९ मध्ये तिथे एकवीस वर्षांचा एक पोरगा बिनविरोध निवडून आला. मतदारयादीवर माणसं होती २४. वडील कापडगिरणीचे मालक, गडगंज. वशिला आर्थर वेलस्लीचा. त्या पोराचं नाव रॉबर्ट पील. पुढे हा दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, लंडनचे पोलीस त्याच्यामुळे आजही ‘बॉबी’ म्हणवतात, धान्यावरचे जकातीचे कायदे त्यानं १८४६ मध्ये स्वतःचा पक्ष फोडून रद्द केले. ब्रिटिश इतिहासातल्या थोर माणसांच्या यादीत त्याचं नाव असतंच. त्याच्या चरित्रात कॅशेलचा उल्लेख एका वाक्यात येतो, जरासं हसून, पहिल्या नोकरीचा उल्लेख करावा तसा. कॅशेल विकत मिळालं म्हणून पीलला कुणी अपात्र ठरवलं नाही. तीनच वर्षांत तो दुसऱ्या मतदारसंघात गेला आणि आयर्लंडचा चीफ सेक्रेटरीही झाला.

आता थोडं मागे जाऊ, कारण याच्या मुळाशी आणखी मोठा सौदा आहे. १८०० पर्यंत आयर्लंडला डब्लिनमध्ये स्वतःची संसद होती, ३०० सदस्यांची. त्यातल्या दोनशेच्या वर जागा कॅशेलसारख्या गावांच्या आणि त्यातल्या बहुतेक कुणा ना कुणा जमीनदाराच्या मालकीच्या. आर्थर वेलस्ली स्वतः १७९० ते १७९७ तिथे ट्रिम गावाचा सदस्य होता. ट्रिम म्हणजे वेलस्ली घराण्याचा घरचा मतदारसंघ. १८०१ पासून ही संसद बंद करून आयर्लंडला लंडनमध्ये १०० जागा द्यायचं ठरलं. म्हणजे शेकडो जागा गेल्या. ज्यांच्या जागा गेल्या त्यांना सरकारनं मोबदला दिला. पूर्ण बंद झालेल्या प्रत्येक मतदारसंघामागे पंधरा हजार पौंड. ट्रिमही त्या यादीत होतं. एकूण रक्कम झाली १२,६०,००० पौंड. लॉर्ड डाउनशरला ५२,५००, लॉर्ड इलीला ४५,०००.

कूळकायद्यात जमीन गेली की मालकाला भरपाई मिळते, तसाच हा प्रकार. फक्त जमिनीच्या जागी इथे लोकांचा प्रतिनिधी होता. मतदारसंघ ही खाजगी मिळकत आहे आणि ती घेतली तर पैसे मोजायला हवेत, हे संसदेनं कायद्यात लिहून दिलं. लपूनछपून, टेबलाखालून असं काहीच नव्हतं.

कॅशेलच्या दोन जागांपैकी एक या व्यवहारात गेली आणि एक उरली. उरलेल्या जागेचा भाव पुढे काय झाला ते डिकनं दाखवलंच.

१८३२ च्या सुधारणेनंतर चित्र बदललं. नगरपालिकेच्या चार टाळक्यांऐवजी वर्षाकाठी दहा पौंड भाडं येईल अशा घरात राहणाऱ्यांना मत मिळालं. पेनफादरांची मूठ सैल झाली. पहिल्याच निवडणुकीत जेम्स रो निवडून आला. आयर्लंडची संसद परत आणा म्हणणारा, म्हणजे आयरिश कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओ'कॉनेल याच्या वाटेवरचा. मग लुई पेरिन आला, तो त्याच वर्षी न्यायाधीश होऊन गेला. त्याच्या जागी स्टीफन वुल्फ, तोही वकील आणि तोही १८३८ मध्ये न्यायाधीश होऊन गेला. कॅशेल आता वकिलांची बढतीची पायरी झालं होतं. पाच हजार पौंडांच्या तुलनेत ही प्रगतीच म्हणायची, पण गावाच्या वाट्याला आलेला खासदार पुन्हा दुसरीकडे नजर ठेवूनच आलेला.

तरी वुल्फ लक्षात ठेवावा असा. आयर्लंडच्या नगरपालिका सुधाराव्यात की बंद कराव्यात यावर तेव्हा संसदेत भांडण चालू होतं. या दरिद्री देशाला नगरपालिका हव्यात कशाला, असं पीलनं विचारलं आणि वुल्फनं उत्तर दिलं, असं सांगतात: त्यांनी आयर्लंडमध्ये लोकमत तयार होईल, वाढेल, आणि त्याला इथल्या मातीचा वास असेल. पुढे १८४२ मध्ये निघालेल्या ‘द नेशन’ या राष्ट्रवादी वर्तमानपत्रानं हेच शब्द आपलं ब्रीद म्हणून छापले. प्रश्न विचारणारा कॅशेलचा माजी खासदार, उत्तर देणारा कॅशेलचा आजी खासदार. एकाला गाव २४ मतांच्या रूपात मिळालं होतं, दुसऱ्याला काही शे घरांच्या. मातीच्या वासाची कल्पना कुणाला सुचणार हे उघडच आहे. कॅशेलची नगरपालिका मात्र वाचली नाही. १८४० च्या कायद्यात आयर्लंडच्या फक्त दहा नगरपालिका टिकल्या, त्यात कॅशेल नव्हतं.

आता १८६८. त्याच वर्षी आयर्लंडच्या शहरी मतदारसंघांत मताची अट आठ पौंडांवरून चार पौंडांवर आली. म्हणजे छोटा दुकानदार, चांभार, खाटीक असे लोक पहिल्यांदाच यादीत आले. नोव्हेंबरात निवडणूक. कॅशेलमध्ये दोन उमेदवार, दोघेही लिबरल. एक आधीच खासदार असलेला जेम्स ओ'बर्न. दुसरा हेन्री मन्स्टर. आडनाव मन्स्टर असलं तरी माणूस इंग्लंडातला, पैसेवाला बॅरिस्टर.

त्या काळचं मतदान डोळ्यांसमोर आणायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चिठ्ठी नाही, पेटी नाही, आडोसा नाही. लाकडी मांडवात कारकून वही उघडून बसलेला. मतदारानं पुढे व्हायचं, स्वतःचं नाव सांगायचं, आणि मग मोठ्यानं उमेदवाराचं नाव घ्यायचं. कारकून ते वहीत टिपणार. शेजारी दोन्ही उमेदवारांचे एजंट यादी घेऊन उभे. मागे गर्दी. त्या गर्दीत तुम्हाला उधार माल देणारा व्यापारी आहे, घरमालक आहे, रविवारी जिथे गुडघे टेकता तिथला पाद्री आहे. तुमच्या दुकानात उद्या कोण येईल आणि कोण येणार नाही, हे त्या एका उच्चारावर ठरणार. मतदान केलं ही गोष्ट तर सगळ्यांना कळतेच, कुणाला केलं तेही कायमचं कागदावर राहतं.

अशा मांडवात लाच देणं म्हणजे पक्का सौदा. पैसे दिले, नाव ऐकलं, पावती मिळाली. आपल्याकडे पुढारी भाषणात बिनधास्त सांगतात, ‘समोरच्याचे पैसे घ्या, मत आम्हालाच द्या.’ हे वाक्य पडद्याआड मतदान होतं म्हणूनच बोलता येतं. गुप्त मतदानात लाच हा जुगार आहे. दिलेल्या पाकिटांपैकी किती फळली हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. कॅशेलच्या दुकानदाराला ही चैन नव्हती. त्याच्यावर दोन बाजूंनी दाब होता आणि दोन्ही बाजू त्याचं तोंड उघडायची वाट पाहत उभ्या होत्या. मतच द्यायला गेलं नाही तर? तेही दिसणार होतंच.

दाब होता म्हणून पैसे घेणं धुतलं जात नाही, हे मान्य. दोन मालदार उमेदवार एकमेकांवर बोली लावतायत म्हटल्यावर छोट्या गावात बाजार भरणारच, आणि भरला. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण इथे वापरायचा मोह होतो, पण कॅशेलचे मतदार काही संन्यासी नव्हते. इंग्लंडातल्या सेंट ऑल्बन्समध्ये तर १८५० च्या पोटनिवडणुकीत जेकब बेल या उमेदवाराच्या सोन्याच्या नाण्यांना गावानं ‘बेल मेटल’ असं लाडकं नावच ठेवलं होतं. म्हणजे घंटेचा धातू. आपलं ‘लक्ष्मीदर्शन’ याच जातीचं. लाजेची गोष्ट लाडक्या नावानं बोलायला लागलो की ती रीत झाली असं समजावं.

कॅशेलमध्ये ओ'बर्न जिंकला, आणि त्या निकालाविरुद्ध याचिका झाली. १८६८ मध्येच कायदा बदलून अशा याचिका संसदेच्या समितीकडून काढून न्यायाधीशांकडे दिल्या होत्या. त्याआधी खासदारच खासदाराच्या निवडणुकीचा निवाडा करायचे. (आपल्याकडे निवडणूक याचिका उच्च न्यायालयात चालते, त्याची पणजी ही.) १८६९ मध्ये ओ'बर्नची निवड रद्द झाली. मग कॅशेलवर शाही आयोग बसला. नवी निवडणूक लावलीच नाही, आणि १८७० मध्ये स्लायगो आणि कॅशेल ही दोन गावं एकाच कायद्यानं संसदेच्या नकाशावरून पुसली. त्याच वर्षी इंग्लंडातली ब्रिजवॉटर आणि बेव्हर्ली ही गावंही अशीच गेली. सेंट ऑल्बन्स तर १८५२ मध्येच गेलं होतं.

या वेळी भरपाईचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसेल. १८०० मध्ये कॅशेलसारखी जागा गेली तर मालकाला पंधरा हजार पौंड. १८०७ मध्ये कॅशेल पाच हजाराला विकलं गेलं तर १८०९ मध्ये चौकशीही नको, ३१० विरुद्ध ८५. १८६८ मध्ये मत खाली उतरून खाटकापर्यंत आलं, त्यानं हात पसरला, आणि दोन वर्षांच्या आत मतदारसंघच बंद. तीन वेळा विकली गेलेली वस्तू एकच. बदलला तो फक्त विक्रेता. मालक होता तोवर ती मिळकत होती, सरकार होतं तोवर ती राज्यकारभाराची गरज होती. खाटीक आल्यावर तो भ्रष्टाचार झाला.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मी स्वतःही घेऊन पाहिला. साठ वर्षांत काळ बदलला होता, नीतीची फूटपट्टी बदलली होती. पूर्वी जे खपलं ते पुढेही खपावं असं कसं म्हणता येईल? शिवाय कॅशेल मुळातच इतकं चिमुकलं की स्वतंत्र खासदार असणंच गैर होतं. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. १८८५ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा आयर्लंडमधली बहुतेक छोटी गावं गेलीच, कुणावर ठपका न ठेवता. लहान आहे म्हणून विलीन करणं ही रचना झाली. विकलं गेलं म्हणून विलीन करणं ही शिक्षा. आणि शिक्षा म्हटली की कुणाला झाली हे मोजावं लागतं.

मोजून पाहू. कागदावर कॅशेलचे मतदार टिपरेरी परगण्याच्या मतदारसंघात गेले, म्हणजे त्यांचं काही गेलं नाही असं वाटतं. पण परगण्यात मताची अट बारा पौंडांची होती आणि ती १८८४ पर्यंत तशीच राहिली. शहरात चार पौंडांची. ज्याचं घर चार आणि बारा पौंडांच्या मधलं, त्याचं मत विलीन झालं नाही, मेलं. म्हणजे १८६८ मध्ये ज्या वर्गाला पहिल्यांदा मत मिळालं, नेमका तोच वर्ग १८७० मध्ये बाहेर पडला. त्यात पैसे घेतलेला होता तसाच न घेतलेलाही होता. ज्याची हवेली मोठी त्याचं मत परगण्यात शाबूत राहिलं, मग त्यानं आयुष्यभर मतं विकत घेण्यात घालवलेली असोत.

काळाच्या फूटपट्टीचा मुद्दाही म्हणावा तितका सरळ नाही. आयर्लंडमध्ये हाच खेळ आधी एकदा, फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. १८२८ मध्ये क्लेअर परगण्यातल्या गरीब शेतकऱ्यांनी जमीनदारांना न जुमानता ओ'कॉनेलला निवडून दिलं. कॅथलिक माणसाला संसदेत बसायची बंदी होती. पुढच्या वर्षी ती उठवावी लागली. उठवली कुणी? पंतप्रधान वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील यांनी; असईचा विजेता आणि कॅशेलचा जुना खासदार. पण त्याच सपाट्यात त्यांनी दुसरा कायदा केला आणि परगण्यांतली मताची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. परगण्यांतले मतदार सुमारे २,१६,००० होते, ते ३७,००० वर आले. कारण काय दिलं? हे गरीब लोक स्वतंत्र बुद्धीनं मत देत नाहीत, दुसऱ्याच्या सांगण्यावरून देतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी जमीनदाराच्या सांगण्यावरून मत दिलं, तेव्हा ही अडचण कुणाला जाणवली नव्हती. एकदा स्वतःच्या मनानं दिलं आणि जाणवली.

म्हणून मताचा अधिकार काढून घ्या हे वाक्य ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं की ठरवणार कोण. १८२९ मध्ये ठरवणारे दोघे कोण होते ते वर आलंच. १८७० मध्ये ठरवणाऱ्या सभागृहात निवडणुकीवर हजारो पौंड उधळून आलेले सदस्य कमी नव्हते.

लाच थांबली ती वेगळ्या वाटेनं. १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा आला. कॅशेल गेलं त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. मांडवातली ती वही बंद झाली आणि देणाऱ्याची पावती गेली. तेवढ्यानं पुरलं नाही. १८८० च्या निवडणुकीत पुन्हा पैशाचा पूर आला. मग १८८३ चा कायदा झाला, त्यानं उमेदवाराच्या खर्चाला मतदारसंघागणिक मर्यादा घातली, हिशेब सादर करायला लावला, एजंटानं केलेल्या पापाला उमेदवाराला जबाबदार धरलं. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली खर्चमर्यादा आणि ‘भ्रष्ट आचार’ ही कल्पना याच घराण्यातली. या दोन्ही कायद्यांनी मतदाराच्या हातातून काहीच काढून घेतलं नाही. एकानं त्याला आडोसा दिला, दुसऱ्यानं देणाऱ्याचा खिसा शिवला. १८८० च्या लाचखोरीपायी दोन गावं १८८५ मध्ये पुसली गेली, पण १८८३ नंतरच्या निवडणुकांपायी तशी वेळ तिथे आली नाही.

आपल्याकडे खिसा शिवलेला आहे, पण कागदावर. पैसे घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, हे १९२० पासून फौजदारी कायद्यात आहे. निवडणूक आयोगानं २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या अरवाकुरिची आणि तंजावूरची, २०१७ मध्ये चेन्नईतल्या आर. के. नगरची, आणि २०१९ मध्ये वेल्लोर लोकसभेची निवडणूक पैशाच्या वाटपावरून रद्द केली, आणि ती काही महिन्यांनी घेतली. हे कॅशेलपेक्षा शहाणपणाचं, यात शंका नाही. मत कायम राहिलं, तारीख गेली. पण भुर्दंड पडला कुणाला? रांगेत पुन्हा उभं राहायला लागलेल्या मतदाराला, आणि तेवढे महिने बिनआमदाराच्या, बिनखासदाराच्या राहिलेल्या भागाला. उमेदवाराला पुन्हा उभं राहायला निव्वळ त्या रद्द करण्यानं काही आडकाठी आली नाही. त्याला ती यायला हवी. पाकीट घेणाऱ्या बाईचं नाव यादीतून कसं काढायचं याची चर्चा आपण हौसेनं करतो. पाकिटं भरणाऱ्याला सहा वर्षं घरी कसं बसवायचं, आणि तेही निकालानंतर चार-पाच वर्षं याचिका रेंगाळल्यावर नव्हे तर वेळेत, याची चर्चा कंटाळवाणी वाटते. त्यात आपली माणसंही सापडण्याचा धोका असतो.

‘आमचेच पैसे आम्हाला परत मिळतायत, घेतले तर काय बिघडलं?’ हे मी एका मावशींच्या तोंडून ऐकलंय, भाजी निवडता निवडता. मी नैतिक उत्तर शोधत राहिलो, मिळालं नाही. खरं तर १८०० सालच्या लॉर्ड डाउनशरचं म्हणणं यापेक्षा वेगळं काय होतं? त्याला तर सरकारनं ५२,५०० पौंडांना ते पटवूनही दिलं. मावशींनी दुसऱ्या दिवशी मत कुणाला दिलं ते मला माहीत नाही, आणि पाकीट देणाऱ्यालाही माहीत नाही. कॅशेलच्या खाटकापेक्षा त्या एवढ्या एका बाबतीत श्रीमंत आहेत.

राहता राहिला हेन्री मन्स्टर, कॅशेलमध्ये ओ'बर्नसमोर उभा राहिलेला तो इंग्लंडातला बॅरिस्टर. फेब्रुवारी १८७० मध्ये, कॅशेलची जागा रिकामी होती आणि तिचं काय करायचं हे संसदेनं अजून ठरवायचं होतं, तेव्हा शेजारच्या कॉर्क परगण्यातल्या मॅलो गावात पोटनिवडणूक लागली. मन्स्टर तिथे उभा राहिला आणि निवडून आला. याचिका झाली, त्याची निवड रद्द झाली, आणि मे महिन्यात मॅलोनं दुसरा खासदार पाठवला. मॅलोची जागा पुढे पंधरा वर्षं शाबूत होती.